जुन्या छायाचित्रण-भिंगांचा संग्रह : ओळख, नोंद आणि किनारपट्टीवरील जतन
(दिघी, ता. श्रीवर्धन, जि. रायगड येथील अनुभवाच्या आधारे)

प्रस्तावना

छायाचित्रणाच्या इतिहासाचा विचार करताना आपले लक्ष छायाचित्रांकडे आणि छायाचित्रकारांकडे जाते. ज्या भिंगातून ती छायाचित्रे घेतली गेली, त्या भिंगाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक पाहता चित्राची तीक्ष्णता, पार्श्वभूमीचा धूसरपणा आणि पाटीवर प्रकाश पाडण्यास लागणारा वेळ या बाबी बव्हंशी भिंगावरच अवलंबून असतात. जुने भिंग हे एकाच वेळी भौतिकशास्त्राचे उपकरण, कारागिरीचा नमुना आणि इतिहासाचे साधन असते.

महाराष्ट्राचा या विषयाशी असलेला संबंध जुना आहे. मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते व स्वतः छायाचित्रे घेत असत. राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत आपली चित्रशाळा उघडली. सावेदादा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी विलायतेहून चलच्चित्र कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी तर १९१८ च्या सुमारास स्वतःच कॅमेरा तयार केला. या मंडळींची नावे पाठ्यपुस्तकांत आली; परंतु त्या काळात समुद्रमार्गे या किनाऱ्यावर उतरलेली शेकडो भिंगे पुढे कोठे गेली, याचा शोध फारसा कोणी घेतलेला नाही. काही संग्राहकांच्या कपाटात गेली, काही बुरशीने आंधळी झाली आणि बरीचशी पितळेच्या भावाने विकली गेली.

प्रस्तुत लेखक या शेवटच्या प्रकारास स्वतः कारणीभूत ठरलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील जुन्या साहित्याच्या निर्लेखन समितीवर काम करीत असताना भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील एक काळवंडलेली पितळी नळी समोर आली. तिच्या दोन्ही टोकांस काच होती व मध्यभागी एका बाजूस अरुंद फट होती. जडसंग्रह नोंदवहीत तिची नोंद ‘प्रोजेक्टरची नळी, नग १’ अशी होती. लेखकाने शेऱ्याच्या रकान्यात ‘नळीस फट, निरुपयोगी’ असे लिहून सही केली आणि ती नळी इतर पितळेबरोबर वजनावर गेली. ती फट म्हणजे मोडतोड नव्हती. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रण-भिंगाची ती निर्णायक खूण होती, हे पुढे वाचनातून कळले. तोवर भंगार वितळले होते. सदर लेख लिहिण्यामागील प्रेरणा हीच होय.

उद्दिष्टे

१. जुन्या छायाचित्रण-भिंगांच्या दुर्मिळतेचे निकष स्पष्ट करणे.
२. भिंगाचा प्रकार व काळ ओळखण्याच्या सोप्या कसोट्या सांगणे.
३. कोकण किनारपट्टीच्या दमट हवेत भिंगांच्या जतनाची पद्धती मांडणे.
४. महाविद्यालयांतील जुन्या प्रकाशीय साहित्याच्या नोंदीची आवश्यकता अधोरेखित करणे.

१. दुर्मिळता म्हणजे काय?

जुने ते सर्व दुर्मिळ, हा समज बरोबर नाही. घडीचे कोडॅक कॅमेरे शंभर वर्षांचे असले तरी ते एवढ्या मोठ्या संख्येने निघाले की आजही सहज मिळतात. उलटपक्षी, १९६६ मध्ये झाइस कंपनीने अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी तयार केलेले ५० मि.मी. एफ/०.७ हे प्लॅनर भिंग तुलनेने अलीकडचे असूनही त्याचे केवळ दहा नग तयार झाले. त्यांपैकी तीन दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी घेतले व ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटातील मेणबत्तीच्या उजेडातील दृश्ये त्यांद्वारे चित्रित केली.

सामान्यतः दुर्मिळता चार गोष्टींवर ठरते : किती नग तयार झाले, त्यांतील किती टिकले, जो टिकला तो किती पूर्ण आहे आणि त्याचा पूर्वेतिहास किती ठाऊक आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी संग्राहकाच्या हाती नसतात. शेवटच्या दोन मात्र पूर्णतः त्याच्या हाती असतात. बाजारपेठही पूर्वेतिहासालाच मोल देते. लायका कॅमेऱ्याचे जनक ऑस्कर बार्नॅक यांनी स्वतः वापरलेला १९२३ मधील प्राथमिक मालिकेतील १०५ क्रमांकाचा कॅमेरा जून २०२२ मध्ये जर्मनीतील लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. त्याच मालिकेतील इतर कॅमेऱ्यांहून त्याचे मोल अधिक ठरले, ते त्यावर कोरलेल्या मालकाच्या नावामुळे आणि त्या नावामागील सिद्ध इतिहासामुळे.

आपल्याकडेही या छंदाची परंपरा आहे. मुंबईतील दिलीश पारेख यांनी १९७७ पासून जमविलेल्या ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद गिनीज विश्वविक्रमांत झाली. तथापि असे मोठे संग्रह हा अपवाद होय. सर्वसामान्य संग्राहकाची सुरुवात मुंबईच्या चोरबाजारात, पुण्यात बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा गावातील बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावर होते.

२. भिंगांच्या विकासाचे टप्पे

भिंग ओळखावयाचे तर त्याच्या विकासाचा स्थूल आराखडा ध्यानी असावयास हवा. १८३९ मध्ये छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली तेव्हाची भिंगे अत्यंत मंद होती; व्यक्तिचित्रासाठी माणसास कित्येक मिनिटे स्थिर बसावे लागे. १८४० मध्ये व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी गणिताने आखलेले सुमारे एफ/३.६ छिद्राचे भिंग तयार झाले व फॉइग्टलेंडर कंपनीने ते बाजारात आणले. व्यक्तिचित्रणाचा व्यवसाय खऱ्या अर्थाने या भिंगामुळे उभा राहिला. चित्राचा मध्य तीक्ष्ण व कडा धूसर, हे त्याचे वैशिष्ट्य. पुढे जादूच्या कंदिलात आणि प्रक्षेपकांतही हीच रचना वापरली गेली. त्यामुळे जुन्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पेट्झव्हाल पद्धतीचे भिंग सापडण्याची शक्यता बरीच असते.

१८६६ मध्ये लंडनचे डालमायर आणि म्युनिकचे स्टाइनहाइल यांनी जवळजवळ एकाच वेळी, परंतु स्वतंत्रपणे, दोन सममित गटांचे भिंग सिद्ध केले. डालमायर यांनी त्यास ‘रॅपिड रेक्टिलिनिअर’ असे नाव दिले. सरळ रेषा सरळच दिसत असल्याने इमारती व नकाशे यांच्या चित्रणासाठी ते लोकप्रिय झाले. पुढे येना येथे नव्या प्रकारची काच उपलब्ध झाली आणि १८९० मध्ये पाउल रुडॉल्फ यांचे प्रोटार, १८९२ मध्ये ग्योर्झ कंपनीचे डागोर, १८९३ मध्ये इंग्लंडमधील डेनिस टेलर यांचे तीन भिंगांचे कुक ट्रिपलेट, १८९६ मध्ये प्लॅनर आणि १९०२ मध्ये टेसार अशी एकापाठोपाठ एक भिंगे आली. विसाव्या शतकातील असंख्य कॅमेऱ्यांत टेसार अथवा तिच्या अनुकृती वापरल्या गेल्या.

येथे एक साधे गणित उद्बोधक ठरते. हवेतून १.५ वक्रीभवनांकाच्या काचेत शिरताना किंवा काचेतून बाहेर पडताना सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. डागोरमध्ये हवेला लागून असलेले काचेचे पृष्ठभाग ४ आहेत. म्हणजे सुमारे ८५ टक्के प्रकाश पलीकडे जातो. टेसारमध्ये असे ६ पृष्ठभाग असून सुमारे ७८ टक्के, तर १८९६ च्या प्लॅनरमध्ये ८ पृष्ठभाग असून सुमारे ७२ टक्के प्रकाश जातो. केवळ प्रकाश कमी होतो एवढेच नव्हे, तर परावर्तित प्रकाश आतल्या आत फिरून चित्रावर धुकट थर पसरवितो. म्हणूनच उत्कृष्ट रचना असूनही प्लॅनरला दीर्घकाळ मर्यादित यश मिळाले. १९३५ मध्ये झाइसचे अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिसूक्ष्म लेप देण्याची पद्धत शोधली आणि ही अडचण दूर झाली.

या लेपाची पूर्वकथा संग्राहकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८९० च्या दशकात डेनिस टेलर यांच्या असे निदर्शनास आले की, काळाच्या ओघात निळसर डाग पडलेली काही भिंगे नव्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश जाऊ देतात. काचेच्या पृष्ठभागावर निसर्गतःच तयार झालेला पातळ थर परावर्तन कमी करीत होता. तात्पर्य, जुन्या भिंगावरील निळी-जांभळी झाक हा दोष नाही. ती घासून काढणे म्हणजे भिंगाचा गुण घालवून त्याच्या वक्रतेस इजा करणे होय.

३. ओळख पटविण्याच्या कसोट्या

(अ) फट : १८५८ मध्ये जॉन वॉटरहाऊस यांनी भिंगाच्या नळीस बाजूने फट ठेवून त्यात वेगवेगळ्या आकाराची भोके असलेल्या धातूच्या पट्ट्या सरकविण्याची पद्धत प्रचारात आणली. प्रकाश कमी-अधिक करण्याचे ते साधन होते. पुढे पाकळ्यांचे छिद्रपटल रूढ झाल्यावर ही पद्धत मागे पडली. म्हणून नळीस मध्यभागी सुबक कापलेली फट असेल, तर ते भिंग बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील छायाचित्रणाचे भिंग समजावे. कंदिलाच्या भिंगास अशा पट्ट्यांची सहसा गरज नसते.

(आ) प्रतिबिंबांची मोजणी : अंधाऱ्या खोलीत भिंगासमोर लहान विजेरी धरली असता प्रत्येक पृष्ठभागावरून एकेक प्रतिबिंब दिसते. हवेला लागून असलेल्या पृष्ठभागाचे प्रतिबिंब ठळक, तर दोन भिंगे चिकटविलेल्या जागेचे अंधुक असते. रॅपिड रेक्टिलिनिअरच्या प्रत्येक गटात दोन ठळक व एक अंधुक प्रतिबिंब मिळते. पेट्झव्हालच्या पुढील गटात दोन ठळक व एक अंधुक, तर मागील गटात चार ठळक प्रतिबिंबे मिळतात. भिंग न उघडता त्याची रचना समजण्याचा हा सर्वांत सुरक्षित मार्ग असून पदवी वर्गाच्या प्रात्यक्षिकासाठीही तो उपयुक्त आहे.

(इ) कोरलेली अक्षरे : निर्मात्याचे नाव, गाव, अनुक्रमांक, नाभीय अंतर आणि छिद्रांचे आकडे यांतून काळ ठरविता येतो. जुन्या इंग्रजी भिंगांवर नाभीय अंतर इंचांत, तर दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक जर्मन भिंगांवर ते सेंटिमीटरमध्ये दिलेले असते. काही भिंगांवर छिद्रांचे आकडे १, २, ४, ८, १६ असे असून जवळ ‘यू. एस.’ ही अक्षरे असतात. तो अमेरिकेचा उल्लेख नसून १८८१ मध्ये इंग्लंडमध्ये सुचविलेल्या ‘युनिफॉर्म सिस्टीम’चा आहे. त्या पद्धतीतील ४ म्हणजे आजचा एफ/८ आणि १६ म्हणजे एफ/१६. झाइसच्या भिंगावर तांबडे ‘टी’ अक्षर असल्यास ते लेप दिलेले भिंग होय. युद्धोत्तर काळात ही कंपनी पूर्व व पश्चिम जर्मनीत विभागली गेल्याने ‘येना’ व ‘ओबरकोखेन’ या गावांच्या नावांतून जर्मनीच्या फाळणीचा इतिहासच भिंगावर उमटलेला दिसतो.

(ई) बनावट ओळखणे : लायकाच्या धर्तीवर सोव्हिएत रशियात फेड (१९३४ पासून) आणि झोर्की (१९४८ पासून) हे कॅमेरे तयार झाले. त्यांवर नंतर लायकाचे नाव, कधी युद्धकालीन जर्मन चिन्हे कोरून ते ‘दुर्मिळ’ म्हणून विकले जातात. भिंगाच्या बाबतीत एक निश्चित कसोटी आहे. लायकाच्या ५० मि.मी. एफ/३.५ एल्मार भिंगात छिद्रपटल पहिल्या भिंगाच्या लगेच मागे असते. टेसारच्या रचनेवर आधारलेल्या सोव्हिएत भिंगांत ते दुसऱ्या भिंगाच्या मागे असते. समोरून पाहिल्यास पाकळ्या किती खोलवर आहेत हे दिसते. वरची अक्षरे खोडून पुन्हा कोरता येतात. आतील रचना बदलता येत नाही.

४. उपसाधने

भिंगाबरोबरची लहानसहान साधने सर्वांत आधी हरवतात आणि म्हणून कित्येकदा भिंगापेक्षाही दुर्मिळ ठरतात. वॉटरहाऊसच्या पट्ट्यांचा पूर्ण संच, भिंग लाकडी फळीवर बसविण्याची आट्यांची पितळी कडी, मूळ झाकण, प्रकाशरोधक कडे, रंगीत गाळण्या, स्वतंत्र दृश्यदर्शक व प्रकाशमापक यांचा यात समावेश होतो. कडीवरील आटे प्रत्येक निर्मात्याचे वेगळे असत. कडी हरवली तर भिंग कॅमेऱ्यावर बसविण्यासाठी लेथवर नवी कडी कातून घ्यावी लागते व वस्तूची पूर्णता कायमची उणावते.

प्रकाशमापकांचे दोन प्रकार ध्यानी घ्यावेत. वेस्टनसारखे सेलेनियमवर चालणारे मापक बॅटरीवाचून चालतात; मात्र त्यांचा घटक कालांतराने क्षीण होतो. १९६० नंतरच्या अनेक मापकांस १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागे. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ती बंद झाली. तिच्या जागी १.५ व्होल्टची बॅटरी घातल्यास मापन चुकते. अशा वस्तूंच्या नोंदीत ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या बॅटरीवर तपासले तेही लिहावे.

सुरक्षिततेचीही एक बाब नमूद करणे अगत्याचे आहे. १९४० ते १९७० च्या दशकांतील काही भिंगांत, उदाहरणार्थ कोडॅकच्या एरो-एक्टारमध्ये, थोरियमयुक्त काच वापरलेली असून ती सौम्य किरणोत्सर्गी आहे. काळाने ती पिवळी-तपकिरी पडते. कपाटात ठेवून हाताळण्यास ती सामान्यतः धोकादायक नाही. परंतु तिचा चुरा करणे, घासणे किंवा ती दीर्घकाळ डोळ्याजवळ धरणे टाळावे.

५. दिघी : किनारपट्टीवरील जतनाचा प्रश्न

दिघी हे गाव राजपुरी खाडीच्या मुखाशी वसलेले आहे. पलीकडे आगरदांडा, वायव्येस पाण्यात उभा जंजिरा आणि अलीकडे दिघी बंदर. घर आणि समुद्र यांत फारसे अंतर नसते. अशा ठिकाणी जुन्या भिंगाचा संग्रह करणे म्हणजे जून ते सप्टेंबर हवेशी सामना करणे होय. लेखकाच्या येथील घरात पावसाळ्यात आर्द्रतामापकाचा काटा ८० टक्क्यांच्या खाली क्वचितच येतो.

या हवेत भिंगास तीन बाजूंनी धोका असतो. पहिला धोका बुरशीचा. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांवर राहिली, वारा व उजेड नसला आणि धूळ, बोटांचे तेल, वंगण किंवा चामडे यांचे पोषण मिळाले, की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरू लागतात. त्यांतून स्रवणारी आम्ले प्रथम लेप व नंतर काच कोरतात. बुरशी पुसता येते. कोरलेली खूण पुसता येत नाही.

दुसरा धोका मिठाचा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण घरात येऊन वस्तूंवर बसतात. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून घेते व स्वतःच त्यात विरघळते. म्हणजे दिघीच्या पावसाळ्यात भिंगावरील अदृश्य मीठ खाऱ्या पाण्याचा थेंब होऊन बसते. त्यातील क्लोराइडमुळे पितळेतील जस्त निघून जाऊ लागते व धातू तांबूस, सच्छिद्र होतो. नाजूक आटे एकदा असे धरले की भिंग उघडत नाही.

तिसरा धोका चिकटलेल्या भिंगांचा. जुनी जोडभिंगे कॅनडा बाल्सम नावाच्या पारदर्शक राळेने चिकटविलेली असत. उष्णता व दमटपणा यांच्या चक्राने ही राळ कडेपासून सुटते आणि तेथे इंद्रधनुषी कडा अथवा पिवळे चट्टे दिसतात. डागोरसारख्या भिंगात हवेला लागून असलेले पृष्ठभाग कमी असतात, पण चिकटविलेल्या जागा चार असतात. ज्या रचनेमुळे ते चित्रास स्वच्छता देते, तीच रचना त्याच्या जतनास अवघड जाते.

लेखकाची पहिली चूक सर्वसामान्य होती. भिंग त्याच्या मूळ चामडी पेटीत, पेटी लाकडी कपाटात आणि कपाट भिंतीला लागून. एकाच पावसाळ्यानंतर पुढच्या काचेच्या आतील बाजूस तंतू दिसले. चामडे ओलावा धरून ठेवते व बुरशीस खाद्यही पुरविते. त्यानंतर अनुभवाने जी पद्धत स्थिरावली ती पुढीलप्रमाणे :

१. भिंग व चामडी पेटी वेगवेगळी ठेवावी. मात्र दोहोंस एकच नोंदक्रमांक द्यावा.
२. रबरी कडा असलेल्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात भिंगे ठेवावीत व प्रत्येक डब्यात लहान आर्द्रतामापक असावा. आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी. फार कोरडेपणाही राळेस व चामड्यास अपायकारक असतो.
३. ओलावा शोषण्यासाठी सिलिका जेल वापरावे. निळ्या जेलमध्ये विषारी कोबाल्ट क्लोराइड असते, म्हणून नारिंगी जेल श्रेयस्कर. रंग बदलला की ते सुमारे १२० अंश सेल्सिअसला तापवून पुन्हा वापरता येते.
४. डांबराच्या गोळ्या डब्यात ठेवू नयेत. त्यांची वाफ काचेवर जमते.
५. बाहेरील मीठ प्रथम फुंकणीने व मऊ कुंचल्याने दूर करावे. कोरडे पुसल्यास कण काचेवर चरे पाडतात. त्यानंतर ऊर्ध्वपातित पाण्याने किंचित ओलसर केलेले भिंगाचे कापड वापरावे.
६. नवीन आलेले भिंग काही आठवडे वेगळ्या डब्यात निरीक्षणाखाली ठेवावे.
७. बुरशी मारण्यासाठी भिंग उन्हात ठेवून निघून जाऊ नये. भिंग सूर्यकिरण एकवटते व जवळच्या वस्तूस आग लागू शकते.
८. चिकटविलेले गट घरी सुटे करण्याचा प्रयत्न करू नये.

विजेवर चालणारी शुष्क कपाटे उत्तम असतात. परंतु किनारपट्टीवर केवळ त्यांवर विसंबता येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन व मुरूड तालुक्यांतील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि लगेच पाऊस सुरू झाला. छपरे उडालेल्या घरांत माणसांचेच हाल होते. तेथे भिंगांची चिंता कोण करणार? त्या पावसाळ्यात लेखकाची डब्यातील भिंगे वाचली, ती सिलिका जेलमुळे. ते गॅसवर कढईत तापवून वापरता आले, म्हणून. साधा, हाताने चालणारा उपाय हा येथे दुय्यम उपाय नसून मुख्य उपाय आहे, हा धडा त्यातून मिळाला.

६. नोंद आणि कायदा

संग्रह आणि साठा यांतील भेद नोंदीने ठरतो. प्रत्येक वस्तूसाठी किमान पुढील माहिती लिहावी : नोंदक्रमांक, निर्माता, कोरलेला मजकूर जसाच्या तसा, अनुक्रमांक, नाभीय अंतर, सर्वांत मोठे छिद्र, प्रतिबिंबांच्या मोजणीवरून ठरविलेली रचना, सोबतची उपसाधने, दोष, कोणाकडून व कोणत्या दिवशी मिळाली आणि आधी कोठे वापरात होती. यांपैकी शेवटची माहिती केवळ माणसांकडून मिळते. स्टुडिओ चालविणाऱ्या पिढीतील वृद्ध मंडळी आहेत तोवरच ती मिळेल. ‘या भिंगाने गावातील लग्नाचे फोटो निघत’ एवढे एक वाक्य नोंदीत असले, तरी ते भिंग स्थानिक इतिहासाचे साधन बनते. ते वाक्य हरवले की उरते ते फक्त पितळ आणि काच.

कायद्याचीही जाणीव असावी. ‘पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२’ हा कायदा १९७६ पासून अमलात आहे. गतकालीन विज्ञान, कला, हस्तव्यवसाय यांचे दर्शन घडविणारी आणि किमान १०० वर्षे अस्तित्वात असलेली वस्तू त्यातील व्याख्येत येऊ शकते. अशा वस्तूंची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेखेरीज कोणासही करता येत नाही. शंभरी ओलांडलेले भिंग परदेशी खरेदीदारास परस्पर पाठविण्यापूर्वी हे तपासणे आवश्यक ठरते.

७. महाविद्यालयांची भूमिका

गुरुग्राम येथील ‘म्युझिओ कॅमेरा’ व मुंबईतील राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय ही दोन्ही २०१९ मध्ये खुली झाली. अशा संस्थांमुळे या विषयास प्रतिष्ठा लाभली आहे. तथापि प्रत्येक तालुक्यातील वस्तू तेथे पोहोचणार नाहीत. जुन्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र, भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांत प्रक्षेपक, सूक्ष्मदर्शकीय कॅमेरे, सर्वेक्षणाची उपकरणे आणि त्यांची भिंगे अद्याप पडून आहेत. मूल्यांकनाच्या तयारीत प्रयोगशाळा ‘स्वच्छ’ करताना हेच साहित्य प्रथम बाहेर जाते.

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. निर्लेखनाच्या यादीतील प्रत्येक प्रकाशीय वस्तूचे छायाचित्र व वरील नोंद करून मगच निर्णय घ्यावा. समितीत भौतिकशास्त्राबरोबर इतिहास विभागाचा एक सदस्य असावा. प्रतिबिंबांच्या मोजणीचे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पास द्यावे. वक्रीभवन व परावर्तन हे प्रकरण त्यातून जिवंत होईल आणि वस्तूची ओळखही पटेल. स्थानिक स्टुडिओचालकांच्या मुलाखती घेण्याचे काम मराठी व इतिहास विभागांनी संयुक्तपणे करण्याजोगे आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, जुन्या भिंगाचे मूल्य त्याच्या वयावर किंवा किमतीवर नव्हे, तर त्याच्या पूर्णतेवर आणि त्याच्याविषयी जपलेल्या माहितीवर अवलंबून असते. कोकण किनाऱ्यावर ही दोन्ही धोक्यात आहेत. दमट, खारी हवा वस्तूची पूर्णता नष्ट करते. आपली अनास्था माहिती नष्ट करते. हवेवर उपाय आहे : हवाबंद डबा, मूठभर सिलिका जेल आणि दर पंधरवड्यास एक नजर. अनास्थेवरील उपाय त्याहूनही सोपा आहे, तो म्हणजे सही करण्यापूर्वी वस्तू उजेडात धरून पाहणे.

ज्या नळीवर लेखकाने ‘फट’ असा शेरा मारला तिचा निर्माता कोण होता, ती त्या प्रयोगशाळेत कशी आली आणि तिच्यातून कोणाचे चेहरे पाटीवर उमटले होते, हे आता कधीही कळणार नाही. पुढील निर्लेखनाच्या यादीत अशी एखादी नळी आढळल्यास वाचक प्राध्यापकांनी ती बाजूला काढून ठेवावी, एवढेच या लेखाचे मागणे आहे.